पायांकडे पाहायचे राहून गेले



या स्तंभात मी बहुधा ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, भागीदारीचे करारपत्र अशा विषयांवर लिहीत असतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने वैद्यकावर लेखणी चालवू नये, असे माझे मत होते व काही अंशी आजही आहे. औषधाची मात्रा सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी या लेखात कोठेही करणार नाही. तरीही गेल्या चार वर्षांत आमच्या घरात जे घडले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारून पडताळून घेतले, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे; म्हणजे प्रौढांमध्ये शंभरातील अकरांहून अधिक जणांना. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांत तर मधुमेह नाही असे घर आता शोधूनच काढावे लागेल.

माझे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही सारे भाईजी म्हणतो, बार्शीच्या भुसार बाजारात जवळजवळ पन्नास वर्षे आडतीचा व्यवसाय करीत आले आहेत. त्यांचा मधुमेह त्या वेळी अठरा वर्षांचा होता. भाईजी हिशेबाला अत्यंत चोख. दर महिन्याला उपाशीपोटीची शुगर तपासून तिची नोंद ते एका लाल कापडी बांधणीच्या वहीत करीत. दुकानाच्या वह्यांसोबतच ही वहीही पेढीवर असे. मी बार्शीला गेलो की ती माझ्यापुढे ठेवून ते म्हणत, ‘‘तुम्ही बँकवाले, बघा, आमचे खाते कसे आहे!’’ खाते वाईट नव्हते. एकशेवीस, एकशेतीस, कधी एकशेपन्नास. मीही ‘उत्तम’ असा शेरा देऊन मोकळा होत असे. रक्तदाब किती, कोलेस्टेरॉल किती, तंबाखूची डबी अजून खिशात असते का, यांपैकी एकही प्रश्न मी कधी विचारला नाही. पाय दाखवा असे म्हणणे तर सुचण्यासारखेही नव्हते. वडीलधाऱ्यांच्या पायांना आपण हात लावतो तो नमस्कारापुरता. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

चार वर्षांपूर्वी, नवरात्र संपून दिवाळी जवळ आली होती. उडदाच्या आवकेचे दिवस. त्या गडबडीत भाईजींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नव्या बुटाने फोड आला. फोड फुटला, ओला राहिला, मग त्याची कड काळसर झाली. त्यांनी हळद लावली, वर कापडाची पट्टी बांधली आणि कोणालाही काही सांगितले नाही. भाभींनी एकदा मोज्यावर डाग पाहून विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘दुखत नाही, म्हणजे काही नाही. दिवाळी होऊ दे.’’ चोपडापूजनाच्या दिवशी ते पाटावर बसले आणि त्यांच्या धाकट्या सुनेला वास आला. तिने धीर करून, सासऱ्यांची परवानगी न घेता, मोजा काढला. तोपर्यंत बोट पूर्ण काळे पडले होते. बरेच दिवस झाले होते.

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या घरांत बोलले जाते. मधुमेही माणसाच्या पायाच्या बाबतीत त्याचा अर्थ नेमका उलट आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंची झीज होते व वेदना कळेनाशी होते. वेदनेविना पायाचे काय होते, हे जगाला समजावून सांगण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले इंग्रज शल्यविशारद. १९४६ पासून त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर काम केले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात हा समज त्यांनी खोडून काढला. बोटे झडत नाहीत. दुखणे कळत नसल्याने रुग्ण जखमेवरच चालत राहतो, गरम भांडे तसेच धरून ठेवतो, आणि त्यातून हानी होते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत काम करताना हेच ज्ञान मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी उपयोगात आले. आज मधुमेहतज्ज्ञ पायाच्या तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून ‘कळले का?’ असे विचारतात. दहा ग्रॅम दाबाला तो तंतू वाकतो. ही चाचणीही कुष्ठरुग्णांच्या उपचारांतूनच इकडे आली. तिला दोन मिनिटे लागतात. भाईजींच्या अठरा वर्षांत ती एकदाही झाली नव्हती.

मज्जातंतू हा एक भाग झाला. दुसरा भाग रक्तवाहिन्यांचा, आणि माझ्या मते तो अधिक फसवा आहे. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातील आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्या बिघडतात, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हृदय, मेंदू आणि पाय यांना रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमन्यांतही चरबी व चुना साठून त्या अरुंद होतात. पायाच्या धमनीत असे झाले की चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की तो जातो. हृदयाच्या रुग्णाला छातीत जी कळ येते, तिचेच हे पायातील रूप. पण ही सूचना मिळायची तर माणूस चालला पाहिजे! भाईजी घरातून स्कूटरवर दुकानात जात, तेथे गादीवर दहा तास बसत आणि स्कूटरवर परत येत. पोटरीत गोळा यावा इतके अंतर ते वर्षानुवर्षे चाललेच नाहीत. जी थोडीफार जाणीव झाली असती, तिलाही मज्जातंतूंच्या बधिरपणाने गाठले. धमनी बंद होत आली तरी मालकाला पत्ता नाही, अशी ही अवस्था होती.

सोलापूरच्या रुग्णालयात त्यांची पहिली तपासणी झाली तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली, ती प्रांजळपणे सांगतो. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून एक गुणोत्तर काढतात. ते साधारण एक ते एक पूर्णांक चार दशांशच्या दरम्यान असावे. शून्य पूर्णांक नऊ दशांश किंवा त्याहून कमी आले तर पायाची धमनी अरुंद झाली आहे असे समजतात. भाईजींचे गुणोत्तर १.४६ आले. आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद तपासलेल्या माझ्या बुद्धीला वाटले, एकाहून जास्त म्हणजे उत्तम! मी पुतण्यांना तसे सांगूनही टाकले. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी सायंकाळी आम्हाला बसवून समजावले. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या इतक्या कडक होतात की रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्यांना दाबूच शकत नाही. त्यामुळे आकडा खोटा फुगतो. १.४ च्या वरचा आकडा शुभ नव्हे, उलट धमनी कडक झाल्याची ती खूण. अशा वेळी पायाच्या बोटातील रक्तदाब मोजतात, कारण तेथील बारीक वाहिन्यांत असा चुना सहसा साठत नाही. तो मोजला आणि तो फारच कमी निघाला. तोपर्यंत आम्ही दिवसभर निश्चिंत होऊन चहा पीत बसलो होतो.

त्यानंतरच्या पाच महिन्यांचा सविस्तर वृत्तांत मी देत नाही. गुडघ्याखालच्या धमनीत फुगा घालून ती रुंद केली, काळे बोट काढले, शेजारचेही काढावे लागले. त्या धमन्या मुळातच बारीक. काही महिन्यांत पुन्हा आकसल्या. पुन्हा फुगा. बायपाससाठी पायातील नीला उपयोगी पडते, पण भाईजींच्या हृदयाच्या बायपासच्या वेळी चांगली नीला आधीच काढलेली होती. एक दिवसाआड पट्टी बदलण्यासाठी बार्शीहून सोलापूर. रुग्णालयात भरती होण्याआधीचे व घरी आल्यानंतरचे ठरावीक दिवस संपले की विमा थांबतो, हे मी इतरांना वीस वर्षे सांगत आलो होतो. ते घरात अनुभवले. पण पैशाची अडचण आम्हाला नव्हती. अडचण ही होती की जखम टाचेपर्यंत पोहोचली, हाडात संसर्ग शिरला आणि रात्री-अपरात्री थंडी वाजून ताप येऊ लागला.

आता पाय गुडघ्याखाली काढावा, असा विषय निघाला तेव्हा दोन्ही पुतण्यांनी एकच भूमिका घेतली. काही करा, कितीही खर्च येवो, पाय वाचवा. मीही त्यांच्याच बाजूचा होतो. बापाचा पाय कापण्याच्या कागदावर सही करणे मुलाला किती अवघड असते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते. समाजात लोक काय म्हणतील, सोलापूरऐवजी मुंबईला का नेले नाही असे विचारतील, हीदेखील मनात एक भीती होती. ती मी लपवीत नाही.

त्या शल्यचिकित्सकांनी आमच्याशी वाद घातला नाही. ते भाईजींच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि त्यांनाच विचारले, ‘‘काका, पायाचे राहू द्या. तुम्हाला पुढे काय काय करता आले पाहिजे, ते सांगा.’’ पाच महिन्यांत हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. भाईजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘शौचाला कोणाचा हात न धरता जायचे आहे. मंदिराच्या पायऱ्या चढायच्या आहेत. आणि दिवसातून चार तास पेढीवर बसायचे आहे. रोज ही पट्टी बघायची नाही.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘यांपैकी एकही गोष्ट या जखमेसह होणार नाही. गुडघा वाचवून पाय काढला तर बहुतेक होतील. आणखी उशीर केला तर गुडघाही जाईल.’’ गुडघा स्वतःचा राहिला तर कृत्रिम पायाने चालायला श्रम पुष्कळ कमी पडतात, उठबस सोपी जाते. सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी तो फरक चालणे आणि खाटेला खिळणे यांमधला ठरू शकतो. सही भाईजींनी स्वतः केली.

पुढे वाचनात आले की त्या डॉक्टरांनी विचारले ते काही केवळ सौजन्याने नव्हे. ‘जीवनाची गुणवत्ता’ मोजण्याचे शास्त्रच विकसित झाले आहे. १९८७ साली युरोपातील काही संशोधकांनी एकत्र येऊन युरोक्वॉल नावाचा गट स्थापन केला आणि त्यांनी तयार केलेल्या छोट्या प्रश्नावलीत रुग्णाला पाच बाबी विचारतात : हिंडणे-फिरणे, स्वतःचे स्वतः आवरणे, नेहमीची कामे, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. रक्तातल्या साखरेचा तिच्यात उल्लेखही नाही. अशा प्रश्नावल्या वापरून झालेल्या अभ्यासांत पायाची जखम उघडी असलेले मधुमेही हे जखम भरून आलेल्यांपेक्षा स्वतःचे आयुष्य बरेच वाईट असल्याचे सांगतात. पाय गमावणाऱ्यांचेही आयुष्य खालावतेच, त्यात शंका नाही. म्हणून कापणे हा सोपा मार्ग आहे असा अर्थ कोणी काढू नये. बोट, पाऊल, पाय वाचविण्याचे उपचार आज पुष्कळ आहेत आणि वेळेवर गेले तर ते यशस्वी होतात. परंतु ‘पाय वाचला’ एवढे एकच यश धरून रुग्णाला दोन वर्षे पट्ट्यांमध्ये गुंडाळून ठेवणे, हे कोणासाठी करतो आहोत, हे घरच्यांनी एकदा स्वतःला विचारावे. आम्ही ते आमच्यासाठी करीत होतो.

त्या पाच बाबींतील शेवटची, उदासीची, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. शस्त्रक्रियेनंतर भाईजींना नसलेल्या पायाची बोटे जळत असल्यासारखी वाटत. रात्रभर झोप नसे. ते कोणाशी बोलेनात, दुकानाच्या चाव्या त्यांनी न मागता मुलाकडे दिल्या. आम्हाला वाटले, वैराग्य आले! मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यास घरातूनच विरोध झाला. शेवटी नेले, औषध सुरू झाले आणि दीड महिन्याने त्यांनी पहिल्यांदा तुरीचा भाव विचारला. भाभींना मात्र कोणीच काही विचारले नाही. त्या दोन वर्षांत त्या एकदाही माहेरी, अहिल्यानगरला गेल्या नाहीत; सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही. सेवा करणारीच्या आयुष्याची गुणवत्ता कोणत्या प्रश्नावलीत बसते, ते मला माहीत नाही.

कृत्रिम पाय जयपूर फूट घ्यायचा, असे भाईजींनीच ठरविले. १९६८-६९ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो जयपूरला तयार केला. डॉ. सेठींना त्यासाठी १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाश्चात्त्य बनावटीच्या पायाला बूट लागतो; हा पाय रबराचा असून तो अनवाणी वापरता येतो, त्यावर उकिडवे बसता येते, मांडी घालता येते. आपल्या मंदिरांत व पेढ्यांवर वावरणाऱ्यांना हे किती महत्त्वाचे आहे, ते सांगायला नको. असे पाय विनामूल्य बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली स्थापन केली. हेच मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि त्यानंतर सेबीचे अध्यक्ष होते. माझ्या नोकरीच्या काळात त्यांच्या कार्यालयाची परिपत्रके वाचताना मला याची कल्पनाही नव्हती. मात्र पाय बसला म्हणजे काम संपले असे होत नाही. खुंटाची जागाही बधिरच असते. तेथे घर्षणाने फोड आला तरी कळत नाही. रोज रात्री ती पाहावी लागते. आणि दुसऱ्या पायाला तोच धोका असतो, किंबहुना सगळा भार त्याच्यावर आल्याने अधिक.

हे सारे टाळता आले असते का? पूर्णपणे नाही, पण पुष्कळसे आले असते. इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या व पाच हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांना घेऊन वीस वर्षे चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर काटेकोर आवाक्यात ठेवल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गुंतागुंत पंचवीस टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच अभ्यासात रक्तदाब नीट आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी आढळले. याकडे आपले लक्षच जात नाही. डेन्मार्कमध्ये अवघ्या १६० रुग्णांवर झालेला दुसरा अभ्यास मला तर अधिक बोलका वाटतो. तेथे निम्म्या रुग्णांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान अशी सगळी आघाडी एकदमच सांभाळली गेली. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यातील हृदय व रक्तवाहिन्यांचे आघात निम्म्यावर आले, आणि एकवीस वर्षांनंतर पाहिले तेव्हा त्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ आठ वर्षांनी जास्त निघाले. भाईजींच्या लाल वहीत फक्त एक स्तंभ होता. बाकीचे स्तंभ आखलेच नव्हते.

आपल्या घरांतील काही खास गोष्टींविषयी लिहिणे आवश्यक वाटते. चैत्र-वैशाखात मंदिराच्या संगमरवरावर दुपारी अनवाणी चालणे बधिर पायांना भाजून काढते. फोड आल्याचे रात्री कळते. मी आता सकाळी लवकरच जातो आणि जाड सुती मोजे घालतो. आमच्या मंदिरात कोणी हरकत घेतलेली नाही. मधुमेहींसाठी मऊ रबराच्या तळाची जी ‘एमसीआर’ चप्पल मिळते, तिचे पट्टे चामड्याचे नसलेले मागून घ्यावेत, मिळतात. घरातही अनवाणी फिरू नये. पाय शेकण्याची गरम पाण्याची पिशवी आणि कुरूप कापण्याचे ब्लेड, या दोन वस्तू मधुमेह्याच्या घरातून हद्दपार कराव्यात.

उपवासाचा विषय नाजूक आहे. तपाला नको म्हणणारा मी कोण? परंतु पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वी, निदान महिनाभर आधी, डॉक्टरांशी बोलावे. काही गोळ्या व इन्शुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीला खाली नेतात. चौविहार करून रात्रीची तीच मात्रा घेणाऱ्यांनीही हे विचारून घ्यावे. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्यांच्याबाबत आणखी एक गोष्ट आहे. ती चालू असताना निर्जळी किंवा दीर्घ उपवास केला, तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. त्याच कारणाने मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ती औषधे डॉक्टर साधारण तीन-चार दिवस आधी थांबवतात. शस्त्रक्रिया कोणतीही असो, आपण कोणकोणत्या गोळ्या घेतो त्याची यादी भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावी.

शस्त्रक्रियेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. माझ्या पत्नीचे गुडघे बदलले तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिला उभे करून चालविले. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र ‘आराम करा, हलू नका’ असाच सल्ला देऊन जाई. पडून राहिल्याने पोटरीच्या नीलेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. पोटरी हलती राहावी, पाणी पुरेसे जावे, डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने दिली असतील तर ती चुकवू नयेत. एक पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेही रुग्ण बरेच दिवस खाटेवर असेल तर त्याच्या टाचांखाली घड्या पडत नाहीत ना, तेथे त्वचा लाल तर झाली नाही ना, हे घरच्यांनी रोज पाहावे. रुग्णालयात त्याची आठवण राहीलच असे नाही.

भाईजी आता आठवड्यातून पाच दिवस पेढीवर जातात. मंदिराच्या अकरा पायऱ्या कठडा धरून चढतात. तंबाखूची डबी त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातवाच्या हाती दिली ती पुन्हा मागितली नाही. लाल वहीची जागा नव्या वहीने घेतली असून तिच्यात सहा स्तंभ आहेत. शेवटचा ‘डावा पाय’ या नावाचा. तो भाभी भरतात. रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांमधल्या फटी पाहून त्या तेथे एक बारीकशी खूण करतात.

गेल्या महिन्यात मी बार्शीला गेलो होतो. मलाही नऊ वर्षांचा मधुमेह आहे. पेढीवर चहा आल्यावर भाईजींनी नेहमीप्रमाणे वही पुढे केली नाही. म्हणाले, ‘‘आधी तुमचे मोजे काढा.’’ दुकानात दोन शेतकरी व मुनीमजी बसलेले; मला संकोच वाटला. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मोजे काढले. भाईजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि उजव्या टाचेला बोट लावले. तेथे अर्धा इंच लांबीची भेग होती, आतून लालसर. मला ती कधी पडली ते ठाऊक नव्हते आणि त्यांचे बोट तिच्यावर फिरत असतानाही काही जाणवत नव्हते. त्या दिवशीची पुण्याची गाडी मी सोडून दिली व भाईजींच्या मुलासोबत सोलापूरला गेलो.